सिमरॉन काउंटी: आधी चार रेघा, मग धूळ

टल्साहून एका वाचकाने विचारलं आहे: "पवनचक्क्यांच्या एका प्रकल्पासाठी मला वर्षभर ओक्लाहोमाच्या सिमरॉन काउंटीत राहायचं आहे. मी मूळचा माणदेशातला. नकाशात ती कढईच्या दांड्यासारखी पट्टी अशी का आली, 'नो मॅन्स लँड' म्हणजे नेमकं काय, आणि डस्ट बोलमध्ये, म्हणजे १९३० च्या दशकातल्या त्या धुळीच्या वादळांत, सगळे कॅलिफोर्नियाला निघून गेले असतील तर आज तिथे राहतात ते कोण? स्थानिकांशी बोलताना अगदीच अडाणी वाटू नये, एवढं तरी माहीत हवं. कुठून सुरुवात करू?"

मी गेली १९ वर्षं ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये जमिनीचे मालकीहक्क तपासते. इकडे या कामाला लँडमन म्हणतात, बाई असली तरी लँडमनच. कुणी पवनचक्कीसाठी किंवा तेलविहिरीसाठी जमीन भाड्याने घेणार असलं, की त्या तुकड्याचा पहिला कागद निघाला तिथपासून आजपर्यंतची साखळी जुळवून द्यायची. त्यामुळे सिमरॉनच्या मुख्य गावातल्या, बॉइस सिटीच्या, कोर्टहाउसमध्ये जाड वह्या उलटण्यात माझे बरेच दिवस गेले आहेत, आणि उत्तरही कागदाच्या बाजूने झुकलेलं असणार, हे आधीच सांगून टाकते. भूगर्भवाल्याला विचारलंत तर तो खडकापासून सुरुवात करेल. पाया खणायचं काम तुमच्याकडे असेल तर माझ्याआधी त्याचं ऐका.

तुम्ही तीन-चार प्रश्न विचारलेत, पण मला त्यात एकच दिसतो. या काउंटीत कागद आधी आला आणि जमीन मागून. कुठेतरी लांब बसलेल्या माणसांनी रेघ ओढली, जाहिरात छापली किंवा हप्ता ठरवला, आणि मग इथे येऊन पडलेल्या माणसाला कळलं की पाणी किती खोल आहे, लाकूड कुठे नाही आणि वारा कसा आहे. त्यामुळे इथलं कुठलंही प्रकरण वाचताना 'कागदावर काय होतं आणि जमिनीवर काय निघालं' असं विचारत गेलात, तर सनावळी पाठ करायची गरज पडत नाही.

आता रेघा. ही पट्टी कुणीही आखलेली नाही. इतरांनी आपापल्या जमिनी आखल्या आणि मधे जे उरलं ते हे. पूर्वेची रेघ १०० अंश पश्चिम रेखांशाची. अमेरिका आणि स्पेन यांच्यातल्या १८१९ च्या तहात रेड नदीपासून आर्कान्सा नदीपर्यंतची हद्द याच रेखांशावर ठरली. तिच्या पश्चिमेचा हा मुलूख तेव्हा स्पेनचा, १८२१ पासून मेक्सिकोचा, आणि १८३६ नंतर टेक्सासच्या दाव्यातला. दक्षिणेची रेघ ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची. हिच्या मागे गुलामगिरीचं राजकारण आहे. १८२० च्या मिसूरी तडजोडीत ठरलं होतं की पश्चिमेकडच्या प्रदेशात या रेघेच्या उत्तरेला गुलाम ठेवता येणार नाहीत. टेक्सासला गुलामगिरी सोडायची नव्हती, डोक्यावर कर्जही होतं. १८५० च्या तडजोडीत त्याने रेघेच्या वरच्या जमिनीवरचा हक्क सोडला आणि आपल्या एकूण दाव्यांच्या बदल्यात केंद्राकडून १ कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. त्याच वर्षी न्यू मेक्सिको टेरिटरीची (टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला केंद्राच्या ताब्यातला प्रदेश) पूर्व हद्द १०३ अंशांवर ठरली. मग १८५४ मध्ये कॅन्ससची दक्षिण हद्द ठरवायची वेळ आली. ती ३६ अंश ३० मिनिटांवरच यायची होती, पण तशी ओढली असती तर चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या जमिनीचे दोन तुकडे झाले असते, म्हणून ती ३७ अंशांवर सरकवली. चेरोकींची जमीन तर १०० अंशांपाशीच संपत होती. तिच्या पलीकडे अर्ध्या अंशाचा काप तसाच राहिला: ३४ मैल रुंद, १६७ मैल लांब, कुठल्याच राज्यात नाही आणि कुठल्याच टेरिटरीत नाही.

सरकारी नकाशांवर या कापाला 'पब्लिक लँड स्ट्रिप' असं साधं नाव होतं. लोक म्हणायचे नो मॅन्स लँड. पण 'कुणाचीच नाही' याचा अर्थ 'कुणी नव्हतंच' असा घेऊ नका. कोमँची आणि कायोवा या मूळनिवासी जमातींचा हा शिकारीचा टापू, १८७० च्या दशकात त्यांना इथून हुसकावेपर्यंत. १८२२ पासून सांता फे ट्रेलच्या गाड्या याच काउंटीतून तिरक्या जात. मिसूरीहून सांता फेला जायचा हा जवळचा पण कोरडा रस्ता, आणि वाटेत ऑटोग्राफ रॉक नावाच्या कातळावर गाडीवाल्यांनी कोरलेली नावं आजही वाचता येतात. १८६५ मध्ये किट कार्सन या लष्करी अधिकाऱ्याने या वाटेच्या रक्षणासाठी कँप निकोल्स हा तळ उभारला, तो काही महिन्यांतच मोडला. न्यू मेक्सिकोकडून मेंढपाळ यायचे, त्यांनी ओढ्यांना नावं ठेवली. कोरुंपा आणि तेसेस्किते ही नावं त्यांच्या भाषेची आठवण, आणि 'सिमरॉन' हा शब्दच स्पॅनिश आहे, अर्थ रानटी, न माणसाळलेला. म्हणजे माणसं होती, नव्हता तो कायदा.

जमीनवाल्याच्या नजरेने बघा, म्हणजे याचा अर्थ कळतो. १८८० च्या दशकात लोक इथे येऊन घरं बांधायला लागले. लाकूड नाही म्हणून मुळांसकट गवताची ढेकळं कापून विटांसारखी रचायची आणि त्यांची घरं करायची, सॉड हाउस. पण १६० एकरांच्या होमस्टेडचा (राहून आणि कसून मिळणाऱ्या सरकारी जमिनीचा) दावा नोंदवायचा तर जमिनीचं सर्वेक्षण हवं आणि दावा नोंदवायला लँड ऑफिस हवं. इथे तेव्हा ऑफिसच नव्हतं. माणूस चार-पाच वर्षं राहिला, विहीर खणली, तरी त्याच्या हातात कागद शून्य. शेजाऱ्याने खुंटी सरकवली तर तक्रार करायला न्यायालय नाही. लोकांनी आपसांत दाव्यांची समिती नेमली, १८८७ मध्ये तर 'सिमरॉन टेरिटरी' जाहीर करून टाकली, बीव्हर सिटीला राजधानी ठरवून. वॉशिंग्टनने ती कधीच मान्य केली नाही. शेवटी १८९० च्या कायद्याने ही पट्टी नव्या ओक्लाहोमा टेरिटरीला जोडली आणि अख्ख्या पट्टीची एकच बीव्हर काउंटी झाली. १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा तिचे तीन भाग पडले: पूर्वेला बीव्हर, मधे टेक्सास काउंटी (टेक्सास राज्याशी घोळ करू नका, मी केलेला आहे) आणि पश्चिम टोकाला तुमची सिमरॉन. ही काउंटी न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, टेक्सास आणि कॅन्सस अशा चार परराज्यांना भिडते. कॅन्ससला जेमतेम कोपऱ्यावर, पण भिडते. अख्ख्या अमेरिकेत अशी दुसरी काउंटी नाही.

रेघा कागदावर सरळ असतात, जमिनीवर नसतात. संगणकावर नकाशा उघडा आणि काउंटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर जाऊन मोठा करा. ओक्लाहोमाची पश्चिम हद्द सरळ खाली येते, पण टेक्सास लागलं की तीच हद्द दोन मैलांपेक्षा थोडी जास्तच पश्चिमेला सरकते आणि मग पुन्हा खाली जाते. दोन्ही हद्दी १०३ अंशांच्याच मानल्या जातात. टेक्सासची हद्द १८५९ मध्ये जॉन क्लार्कने मोजली, ती पश्चिमेला चुकली. सिमरॉनची मोजणी १८८१ मध्ये वेगळ्या माणसांनी केली, ती खऱ्या रेखांशाच्या बरीच जवळ आली. न्यू मेक्सिकोने आरडाओरड केली, पण १९११ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, क्लार्कचीच रेघ कायम केली आणि पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला. ती पायरी बघितली की मला दरवेळी शेताचा बांध आठवतो. चूक जुनी झाली की तीच हद्द होते.

या १८८१ च्या मोजणीने माझा एक पूर्ण दिवस खाल्ला होता, तो किस्सा सांगते, कारण तुमच्या प्रकल्पाच्या कागदांत हे रोज समोर येणार आहे. अमेरिकेच्या या भागात जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये कापलेली असते. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, एक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव हिस्सा १६० एकर. जमिनीचा पत्ता असा लिहितात: सेक्शन १४ चा वायव्य पाव, टाउनशिप ३ उत्तर, रेंज ५ पूर्व. मी नवी होते. या पत्त्यावरचं पहिलं सरकारी पेटंट, म्हणजे सरकारने पहिल्या मालकाला जमीन दिल्याचा कागद, शोधलं, ते मिळालंही, पण त्यावरचं नाव पुढच्या एकाही दस्तात येईना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी मधला गायब दस्त शोधत बसले. जाताजाता ऑफिसातल्या एका जुन्या माणसाने नुसतं विचारलं, "मेरिडियन कुठलं?" म्हणजे मोजणी कुठल्या उभ्या रेघेपासून. मी काढलेली जमीन राज्याच्या पार दुसऱ्या भागात, अॅडा गावाच्या बाजूची होती. उरलेल्या ओक्लाहोमाची मोजणी इंडियन मेरिडियनपासून होते, आणि फक्त या पट्टीची सिमरॉन मेरिडियनपासून, म्हणजे तिच्या पश्चिम कडेपासून. आकडे तेच, जमीन वेगळी. कागदावर टाउनशिप-रेंजनंतर सिमरॉन मेरिडियनचा उल्लेख नसेल तर सही करायच्या आधी विचारा. हे नुसतं इतिहासाचं कौतुक नाही, यात पैसे जातात.

काउंटीचं मुख्य गाव बॉइस सिटी. उच्चार 'बॉइस', आयडाहोच्या राजधानीसारखा 'बॉइझी' म्हणालात तर लगेच पाहुणे ठराल. या नावाचं मूळ फ्रेंच, अर्थ झाडी. आता गावात उभे राहून चारी बाजूंना बघा आणि झाडी शोधा. १९०८ मध्ये एका कंपनीने रंगीत माहितीपत्रकं छापून इथले भूखंड विकले. चित्रात फरसबंद रस्ते, दुतर्फा झाडं, उसळणारी आर्टेशियन विहीर. लांबलांबच्या लोकांनी टपालाने पैसे पाठवले, आणि रेल्वेने जमेल तिथपर्यंत येऊन पुढे गाडीने पोचले, तर समोर गवत आणि वारा. रस्ता नाही, झाड नाही, आणि मुख्य म्हणजे विकलेली जमीन कंपनीच्या मालकीचीही नव्हती. प्रवर्तकांवर टपालातून फसवणुकीचा खटला झाला, ते तुरुंगात गेले. गंमत पुढेच आहे: गाव मात्र राहिलं. फसलेल्यांपैकी काहींनी तिथेच बिऱ्हाड मांडलं, गाव काउंटीचं ठाणं झालं, आणि १९२५ मध्ये रेल्वेही आली. नकली माहितीपत्रकातून खरं गाव उगवलेलं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता जमिनीकडे वळू. १,८४१ चौरस मैलांची ही काउंटी एकसारखी सपाट आहे असं समजून लोक येतात. दक्षिण आणि पूर्व बाजू तशी आहेच. पण वायव्य कोपऱ्यात केंटन गावाकडे निघालात की जमीन अचानक फाटते: लालसर वालुकाश्माचे कडे, ज्युनिपरची खुरटी झाडं, खाली सिमरॉन नदीचं रुंद कोरडं पात्र, आणि वर ब्लॅक मेसाची काळी टोपी. उंची ४,९७३ फूट, ओक्लाहोमातली सगळ्यात उंच जागा. तुम्ही सह्याद्रीचा दगड बघत वाढलात, तुम्हाला तो बेसॉल्ट लांबूनच ओळखू येईल. मात्र हा आपल्याकडच्यापेक्षा फार तरुण आहे, काही दशलक्ष वर्षांचाच. कोलोरॅडोच्या बाजूने आलेला लाव्हा त्या काळच्या एका दरीत शिरला आणि थिजला. पुढे दोन्ही बाजूंची मऊ जमीन झिजून गेली, कठीण लाव्हा उरला. त्यामुळे एके काळी जो दरीचा तळ होता तो आज डोंगराचा माथा आहे. वर जायची वाट जाऊन-येऊन आठ मैलांच्या वर आहे, सावली कुठेच नाही, पाणी सोबत न्या. उन्हाळ्यात पहाटे निघा आणि पाय कुठे ठेवता ते बघा, रॅटलस्नेक असतात.

याच भागात १९३१ मध्ये डायनॉसोरची हाडं सापडली. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विलिस स्टोव्हल यांनी ती खणून काढली, आणि खणायला माणसं कुठून मिळाली? मंदीच्या काळात सरकारने रोजगार हमीसारखी कामं काढली होती, त्या मजुरांकडून. शेतात पीक नव्हतं म्हणून शेतकऱ्यांच्या पोरांनी कुंचल्याने हाडं साफ केली. बॉइस सिटीच्या सिमरॉन हेरिटेज सेंटरबाहेर लोखंडाचा अख्खा अपॅटोसॉरस उभा आहे, तो बघितल्याशिवाय जाऊ नका.

आता धूळ, तुमचा खरा प्रश्न. इथे पाऊस वर्षाकाठी साधारण १७-१८ इंच. तुम्ही माणदेशी, म्हणजे हा आकडा ऐकून तुम्हाला जे कळेल ते न्यूयॉर्कमधल्या माणसाला तासभर समजावून कळणार नाही: १७ इंच हा आकडा सरासरीचा असतो, पाऊस कधी सरासरीने पडत नाही. इथलं मूळ पीक गवत होतं, बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा. बोटभर उंचीचं, पण मुळांनी माती घट्ट धरून ठेवणारं. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला (हे धान्याचं माप) दोन डॉलरवर गेला, पाठोपाठ ट्रॅक्टर आले, आणि १९२० च्या दशकात पाऊसही बरा झाला. गवत नांगरलं गेलं. 'सूटकेस शेतकरी' हा शब्द तेव्हाचा: पेरायला यायचं, निघून जायचं, कापणीला परत यायचं. ज्याचं घर इथे नाही त्याला माती उडाली काय आणि राहिली काय. १९३१ मध्ये गहू मोप पिकला आणि भाव ५० सेंटांच्या खाली कोसळले. भाव पडला म्हणून भरपाई करायला आणखी नांगरायचं, आणि नेमका त्यानंतर पावसाने पाठ फिरवली. उघडी माती, पीक नाही, वारा आहेच.

१४ एप्रिल १९३५ चा रविवार 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. सकाळ छान होती, लोक चर्चला गेले, कपडे वाळत टाकले, आणि दुपारी उत्तरेकडून काळी भिंत आली. असोसिएटेड प्रेसचा वार्ताहर रॉबर्ट गायगर त्या दिवशी याच बॉइस सिटीजवळ रस्त्यात वादळात सापडला. दुसऱ्या दिवशीच्या त्याच्या बातमीत 'डस्ट बोल' हे शब्द आले आणि चिकटले. वर्षभराने आर्थर रॉथस्टाइनने काढलेला तो फोटोही इथलाच: धुळीतून एक शेतकरी आणि त्याची दोन मुलं अर्ध्या पुरलेल्या झोपडीकडे धावताहेत. जगाने ही काउंटी पाहिली ती एवढीच.

आणि इथे तुमच्या मनातलं चित्र दुरुस्त करते. 'सगळे कॅलिफोर्नियाला गेले' हे खरं नाही. कॅलिफोर्नियाकडे गेलेले बहुतेक ओक्लाहोमी लोक राज्याच्या पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे होते, कापसाच्या शेतीत वाट्याने राबणारे. त्यांना धुळीने नाही, पडलेल्या भावाने, दुष्काळाने आणि मालकाच्या ट्रॅक्टरने उठवलं. सिमरॉन काउंटीची लोकसंख्या १९३० मध्ये ५,४०८ होती, १९४० मध्ये ३,६५४. हिशेबाने तीनातला एक कमी झाला, दोघं राहिले. का राहिले? माझ्या वह्यांत जे दिसतं त्यावरून सांगते. ज्याच्या नावावर जमीन होती तो चिवटपणे टिकला. त्या वर्षांच्या दस्तांत विक्री कमी आणि गहाण जास्त दिसतं: बियाण्यासाठी कर्ज, चाऱ्यासाठी कर्ज, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. सरकारने उपाशी जनावरं विकत घेतली, गव्हाचा पेरा कमी करण्याचे पैसे दिले. एका कुटुंबाच्या दस्तात मी एकाच जमिनीवर सहा वर्षांत पाच गहाणखतं पाहिली आहेत, आणि मग १९४४ मध्ये एकाच आठवड्यात पाचही मोकळी. युद्धात गव्हाला भाव आला होता, पाऊसही परत आला होता. त्या कुटुंबाचे नातू आज तिथेच आहेत. १९५० मध्ये लोकसंख्या परत ४,५८९ वर आलेली दिसते.

खरी ओहोटी त्यानंतरची आहे आणि तिचा फोटो कुणी काढलेला नाही. यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली, एका कुटुंबाला पुरायला आधी दोन सेक्शन लागत ते पाच-सहा लागायला लागले, आणि मुलं शिकून अॅमारिलोला किंवा ओक्लाहोमा सिटीला गेली. २०२० च्या जनगणनेत माणसं २,२९६. दोन चौरस किलोमीटरला एक माणूस धरा. धुळीच्या दहा वर्षांत गेले त्यापेक्षा जास्त लोक पुढच्या सत्तर वर्षांत गेले, गाजावाजा न करता. एवढं लक्षात ठेवून बोललात तर स्थानिक माणूस तुमच्याशी मोकळा होईल. आणि ओक्लाहोमाच्या लोकांना हिणवायला वापरला गेलेला 'ओकी' हा शब्द तुम्ही वापरू नका. ते स्वतः वापरतील, तो त्यांचा हक्क.

धुळीत पार वाया गेलेल्या काही जमिनी केंद्र सरकारने विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या. आजचं रिटा ब्लांका नॅशनल ग्रासलँड त्यातूनच आलं, त्यातले पंधरा हजारांवर एकर या काउंटीत आहेत. १९८५ नंतर शेतकऱ्यांना गवत ठेवण्याबद्दल भाडं देणारी योजना आली, तिच्यातही इथली बरीच शेती गेली. नांगरायला लावणारे आणि नांगरू नका म्हणून पैसे देणारे, दोन्ही वॉशिंग्टनचे कागद एकाच वहीत लागोपाठ सापडतात.

पाण्याचं थोडक्यात. आकाशातून हिरवी वर्तुळं दिसतात ती ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यावरच्या फिरत्या फवाऱ्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल विहिरी आणि पंप आले म्हणून ती शक्य झाली. हे पाणी जुनं आहे, उपशाच्या मानाने भरत काहीच नाही, आणि काउंटीत सगळीकडे सारख्या जाडीचंही नाही. ओक्लाहोमात भूजल वरच्या जमीनमालकाचं असतं, परवाना घेऊन उपसायचं. खनिज मात्र जमिनीपासून तोडून विकता येतं, आणि इथे ते पिढ्यान्‌पिढ्या तुटत आलं आहे: वर शेती एकाची, खालचं तेल-वायू सोळा चुलत भावंडांचं. तुमच्या वाऱ्याचं तसं नाही. वाऱ्याचा हक्क या राज्यात जमिनीपासून कायमचा वेगळा काढता येत नाही, त्यामुळे करार वरच्या मालकाशीच होणार. पण खालच्या खनिजवाल्याला आपली विहीर खणायला वरची जमीन वापरायचा हक्क असतो, म्हणून त्यालाही विसरू नका. शाळांच्या उत्पन्नासाठी राखलेली राज्याची जमीनही इथे भरपूर आहे, तिथे मालक म्हणून राज्यच समोर येईल.

कुठून सुरुवात करू, या प्रश्नाचं माझं उत्तर कोर्टहाउस हेच आहे. काउंटी क्लार्ककडे जमिनीचे दस्त असतात. कोर्ट क्लार्क हे वेगळं ऑफिस, तिथे वारसांची प्रकरणं. ओक्लाहोमात दस्तांची यादी नावांप्रमाणेही असते आणि जमिनीप्रमाणेही, तिला ट्रॅक्ट इंडेक्स म्हणतात. सातबारा वाचता येणाऱ्या मराठी माणसाला ही वही पाच मिनिटांत कळते. तुमचा पहिला टर्बाइन जिथे उभा राहणार तो पाव सेक्शन घ्या आणि त्याचं पान वाचा. १९०७ च्या आधीचं काही शोधायचं असेल तर ते बीव्हर काउंटीच्या नावाखाली शोधावं लागेल. मग पहिल्या मालकाची होमस्टेडची फाइल राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवा. तिच्यात शेजाऱ्यांच्या साक्षी असतात. माझ्या हाती आलेल्या एका फाइलमध्ये लिहिलं होतं: घर १४ बाय १६, एक दार, दोन खिडक्या, विहिरीला पाणी लागलं नाही, पाणी तीन मैलांवरून बॅरलने आणतो, ४० एकर नांगरले, पहिल्या वर्षी काही आलं नाही. साक्षीदाराने खाली फुली केली होती. दहा पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या एका पानाने कळलं.

कोर्टहाउस गावाच्या मधोमध चौकात आहे आणि पाच-सहा महामार्ग त्याला वळसा घालून जातात. चुकून दोनदा फेरी माराल, सगळेच मारतात. या चौकाचे दिवे एकदा भोवले होते. ५ जुलै १९४३ च्या मध्यरात्रीनंतर टेक्सासच्या डॅलहार्ट तळावरून सरावाला निघालेल्या अमेरिकन बी-१७ विमानाने हेच दिवे आपलं लक्ष्य समजून गावावर सहा सराव-बाँब टाकले. आत बहुतेक वाळू आणि थोडी स्फोटकं, त्यामुळे खड्डे पडले, कुणी मेलं नाही. कुणीतरी गावाचे दिवे बंद केले तेव्हा ते थांबलं. लोक हे अजून हसत सांगतात, तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय असं दाखवा.

आणि ब्लॅक मेसाला कुणाबरोबर जायचं ठरलं तर वेळ ठरवताना 'कुणाच्या घड्याळाने' हे विचारून घ्या. काउंटी सेंट्रल टाइमवर चालते, पण केंटनची सगळी ये-जा न्यू मेक्सिकोकडे, म्हणून ते गाव स्वतःच्या मर्जीने माउंटन टाइम पाळतं. माझा एक साक्षीदार मला तिथे तासभर उशिरा भेटला होता, आणि त्याच्या मते तो अगदी वेळेवर आला होता.